मुंबईत फ्लोरिबंडा गुलाब: दसऱ्याला सुरू होणारं वर्ष

पहिला फ्लोरिबंडा मी आणला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिला पाऊस झाला की झाडं लावायची, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. रोपावर गुलाबी फुलांचे दोन भरगच्च गुच्छ होते. मी मोठी कुंडी घेतली, तिच्याखाली बशी ठेवली, शेणखत सढळ हाताने घातलं आणि कौतुकाने रोज बघत बसले. जुलै संपेपर्यंत पानं पिवळी होऊन गळाली आणि गणपती आले तेव्हा कुंडीत तीन काळ्या काड्या उभ्या होत्या.

दुसरं रोप पावसाळ्यातून वाचलं. मग व्हिडिओ बघून त्याची छाटणी केली फेब्रुवारीच्या शेवटी, ऐन बहरात. आलेली कोवळी फूट एप्रिलच्या उन्हात करपून गेली. तो व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या देशातला होता, हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

थंड देशांत गुलाब हिवाळ्यात झोपतो आणि वसंतात जागा होतो, म्हणून तिकडे छाटणी थंडी सरताना. आपल्याकडे त्याला झोप येईल अशी थंडी पडतच नाही. मुंबईत त्याचा वाईट काळ म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझला सरासरी 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तेवढे दिवस गुलाबाने फक्त तग धरायचा असतो. त्याचं खरं वर्ष पाऊस उघडला की, दसऱ्याच्या आसपास, सुरू होतं. पुढचं सगळं मी त्याच क्रमाने लिहिते आहे. माझी बाग म्हणजे मुलुंडमधल्या सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीलगतचा चार फूट रुंदीचा पट्टा आणि गॅलरीतल्या सहा कुंड्या, एवढीच.

## 1. फ्लोरिबंडा म्हणजे नेमकं काय घेताय, ते समजून घ्या

फुलवाल्याकडे लांब दांड्याचं एकेकटं मोठं फूल मिळतं, ते साधारण हायब्रिड टी जातीचं. फ्लोरिबंडाला एका फांदीच्या टोकाला पाच, दहा, कधी पंधरा फुलांचा गुच्छ येतो. फुलं जरा लहान, पण एक गुच्छ संपेपर्यंत शेजारच्या फांदीवर दुसरा तयार. झाड बुटकं, घेरदार, बहुतेक दोन ते साडेतीन फूट. गॅलरीला ते सोयीचं आणि नवख्या हातालाही. हायब्रिड टीच्या एका फुलावर किडीने डल्ला मारला की महिन्याची मेहनत गेली. इथे गुच्छातली दोन फुलं गेली तरी आठ उरतात.

ही जात डेन्मार्कच्या पॉलसेन घराण्याने रूढ केली. बारीक फुलांचे झुबके येणारा पॉलिअँथा आणि हायब्रिड टी यांच्या संकरातून 1924 साली त्यांनी ‘एल्स पॉलसेन’ आणला. आज नर्सरीत सर्रास मिळणारा पांढरा ‘आइसबर्ग’ जर्मनीच्या कोर्डेस यांचा, 1958 सालचा. आपल्याकडे दिल्लीच्या पुसा संस्थेत, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेत, चांगले फ्लोरिबंडा तयार झाले. तिथले शास्त्रज्ञ बी. पी. पाल गव्हाचे आणि गुलाबाचेही. ‘दिल्ली प्रिन्सेस’ त्यांचा. ‘मोहिनी’ नावाचा चॉकलेटी छटेचा फ्लोरिबंडाही पुसाचाच, मिळाला तर सोडू नका.

पहिलं रोप कोणतं घ्यावं असं कुणी विचारलं तर मी गुलाबी किंवा लाल सांगते. आइसबर्ग देखणा आहे, पण दमट हवेत त्याच्या पानांवर काळे ठिपके लवकर पडतात आणि पांढऱ्या पाकळीवर फुलकिड्यांचा एकूण एक ओरखडा दिसतो. त्याला दुसऱ्या वर्षी आणा.

## 2. आधी ऊन मोजा, आणि ते थंडीतलं मोजा

गुलाबाला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. हे सगळे सांगतात. मुंबईत यात एक फसगत आहे, ती कुणी सांगत नाही.

मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो. त्यामुळे मे महिन्यात उत्तरेच्या गॅलरीतही ऊन दिसतं आणि माणूस खूश होऊन कुंड्या आणतो. पण आपला बहर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात सूर्य इतका दक्षिणेला कलतो की भर दुपारीसुद्धा त्याची उंची जेमतेम 48 अंश असते, आणि समोरच्या टॉवरची सावली जवळजवळ टॉवरच्या उंचीएवढी लांब पडते. माझ्या मैत्रिणीच्या उत्तरेकडच्या गॅलरीत ऑक्टोबर ते मार्च उन्हाचा कवडसाही येत नाही. तिने दोन वर्षं गुलाबाला सगळी खतं घालून पाहिली.

म्हणून डिसेंबरच्या एका रविवारी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता गॅलरीचा फोटो काढून ठेवा. दक्षिण आणि पूर्व बाजू उत्तम. पश्चिमेची चालते, फक्त एप्रिल-मेमध्ये जाळी लावावी लागते. नुसती उत्तर असेल तर गुलाबाचा नाद सोडून मनीप्लँट, फर्न लावा.

कुंड्या गच्चीवर किंवा आवारात ठेवायच्या असतील तर सोसायटीची लेखी परवानगी आधीच घ्या. आमच्याकडे मागितलेले कागद असे:

- सेक्रेटरींच्या नावे साधा अर्ज, त्यात कुंड्यांची संख्या आणि जागा
- गळती झाली तर दुरुस्तीची जबाबदारी माझी, असं हमीपत्र
- मी गावाला गेले तर पाणी कोण घालणार, त्यांचं नाव आणि फ्लॅट नंबर

शेवटचा मुद्दा कमिटीतल्या एका आजोबांनी घातला. तेव्हा हसू आलं होतं, पण सगळ्यात उपयोगी तोच निघाला. आणि कठड्यावर कुंडी ठेवू नका. बारा इंची कुंडी ओली झाली की वीस किलोच्या आसपास भरते. ती खाली कुणाच्या डोक्यावर पडेल हा विचार सहन होणारा नाही.

## 3. रोप कधी आणायचं आणि कसं निवडायचं

ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कधीही. जूनमध्ये नको, आणि एप्रिल-मेमध्ये तर नकोच.

जानेवारी-फेब्रुवारीकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत पालिकेचं पुष्पप्रदर्शन भरतं. पुढच्या हंगामात रोप घ्यायच्या आधी झाडं बघून घ्यायला जागा छान. गर्दी टाळायची तर सकाळी दार उघडताच जा.

नर्सरीत गेलात की फूल बघायच्या आधी बूड बघा. विकत मिळणारा फ्लोरिबंडा बहुधा डोळा भरलेला असतो. म्हणजे खाली मुळं वेगळ्याच काटक गुलाबाची, त्याला खुंट म्हणतात, आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे जिथून फूट निघते ते टिंब, बसवलेला. एका नर्सरीतल्या मामांनी माझा अंगठा धरून मातीलगतच्या गाठीवर ठेवला होता. “ताई, ही गाठ. हिच्या वर जे फुटेल ते तुमचं. खाली जे फुटेल ते खुंटाचं, ते ठेवायचं नाही.” एवढंच त्यांनी शिकवलं, आणि ते ऐकूनही मी एकदा फसले. एका रोपाला बुडातून सहा फुटांचा दांडगा फुटवा आला. फिकट हिरवा, बारीक काट्यांचा, सरळसोट. मी त्याला काठी बांधली, जास्तीचं खत घातलं, फोटो काढून भावाला पाठवले. वर्षभर त्याला एक कळी आली नाही, आणि वरचा माझा गुलाब उपाशी राहून सुकला. खुंटाच्या फुटीची पानं, काटे, रंग बाकीच्या झाडापेक्षा वेगळे दिसतात. पानात सात दलं (एका देठावरची छोटी पानं) म्हणजे खुंटच, असं लोक सांगतात, पण ते दर वेळी खरं नसतं. खात्री करायची तर माती बाजूला सारून फूट गाठीच्या वरून आहे की खालून ते बघा. खालून असेल तर कात्री लावू नका, मुळापासून ओढून उपटा. कापली तर पुन्हा फुटते.

निवडताना एवढं बघा:

- गाठीच्या वर किमान दोन-तीन जाड, हिरव्या फांद्या
- फुलं कमी आणि कळ्या जास्त, म्हणजे रंगही कळतो आणि घरी येऊन उमलतं
- पानांच्या पाठीमागे जाळी किंवा पांढरा कापूस नाही

रस्त्यावरच्या हातगाडीवर “काश्मिरी” आणि “डच” म्हणून जे मिळतं, ते काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. काश्मिरी म्हणून बहुधा बारीक बटण गुलाब देतात. तो वाईट नाही, पण त्याला फ्लोरिबंडाचे पैसे देऊ नका.

## 4. सामान

- 12 इंची कुंडी, बुडाला चार-पाच भोकं. मातीची उत्तम, वजन नको असेल तर ग्रो बॅग
- लाल माती, जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, जाड वाळू किंवा पर्लाइट, थोडं कोकोपीट
- निंबोळी पेंड, हाडांचा चुरा
- छाटणीची धारदार कात्री. स्वयंपाकघरातली चालत नाही, ती फांदी चिरडते
- कोपरापर्यंतचे हातमोजे
- कडुनिंबाचं तेल, कॉपर ऑक्सिक्लोराइड (बुरशीनाशक), पाण्यात मिसळणारं गंधक
- एक लिटरचा फवारा आणि जुना टूथब्रश

कात्रीवर पैसे खर्च करा, बाकी सगळं स्वस्तातलं चालेल.

## 5. माती आणि लावणी

मुंबईत नर्सरीवाले देतात ती लाल माती नुसती वापरली तर उन्हात विटेसारखी घट्ट होते आणि पावसात चिखल. माझं प्रमाण असं: चार वाटे लाल माती, तीन वाटे शेणखत, दोन वाटे जाड वाळू, एक वाटा कोकोपीट. त्यात कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड आणि दोन मुठी हाडांचा चुरा. कोकोपीट यापेक्षा जास्त नको. ते पाणी धरून ठेवतं आणि आपल्या हवेत पाणी धरून ठेवणाऱ्या गोष्टींची कमी नाही. वाळू खाडीची किंवा चौपाटीची नको, त्यातलं मीठ मुळं जाळतं.

रोपासोबत पिशवीत बहुधा चिकणमातीचा गोळा येतो. तो तसाच लावला तर बाहेरची माती ओली आणि आतला गोळा कोरडा, असं होतं. मुळं गोळ्यातच अडकतात. रोप बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवा, बाहेरची माती बोटांनी सैल होईल तेवढी सोडवा, आतलं केंद्र तसंच राहू द्या. हे थंडीतच करा, उन्हाळ्यात मुळं हलवली तर झाड बसतं.

भोकांवर खापराचे तुकडे, मग माती, मग रोप. डोळ्याची गाठ मातीच्या इंचभर वर राहिली पाहिजे. थंड देशांतले लोक ती पुरतात, बर्फापासून वाचवायला. इथे पुरली तर ती कुजते आणि खुंट माजतो. वर दोन इंच जागा सोडा, नाहीतर पाणी घालताना खत गॅलरीभर वाहतं. चार दिवस सावलीत, मग उन्हात.

जमिनीत लावायचं असेल तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, दोन झाडांत दोन फूट अंतर. आमच्या पट्ट्यात खणलं तर निम्मा बिल्डरचा राबिट (विटा-सिमेंटचे तुकडे) निघाला. तो सगळा काढून टाका. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते, गुलाबाला किंचित आम्लधर्मी लागते, आणि मग कितीही खत घाला, पानं पिवळीच. वाफा जमिनीपेक्षा सहा-आठ इंच उंच ठेवा. तो पावसाळ्यात उपयोगी पडतो.

## 6. पाणी

बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर उद्या. थंडीत माझ्याकडे दिवसाआड पुरतं, मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ. पाणी सकाळी, बुंध्याशी, पानांवर नको. पालिकेचं पाणी गुलाबाला चांगलं चालतं. बोअरचं किंवा टँकरचं असेल तर आधी जिभेला लावून बघा. समुद्राजवळच्या भागात ते मचूळ निघतं आणि पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागतात.

## 7. छाटणी: दसरा बघा, पण आभाळही बघा

दसरा कधी सप्टेंबरच्या शेवटी येतो, कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. मुंबईतून मान्सून परतायची हवामान खात्याची सरासरी तारीख आहे 8 ऑक्टोबर. दसरा लवकर असेल तर घाई करू नका, आठवडाभर सलग कोरडा गेला की कात्री काढा. ओल्या हवेत केलेला काप वरून काळा पडत खाली उतरतो आणि पूर्ण फांदी घेऊन जातो.

छाटणीच्या आधी चार-पाच दिवस पाणी कमी करा आणि वरची दोन-तीन इंच माती उकरून सैल करा. पूर्वी आपल्याकडे माळी लोक जमिनीतल्या गुलाबाची मुळं उघडी करून उन्हं देत. कुंडीत एवढं करायची गरज नाही.

क्रम असा. आधी मेलेल्या, काळ्या, पेन्सिलपेक्षा बारीक फांद्या बुडापासून काढा. मग एकमेकींना घासणाऱ्या दोहोंतली एक. झाडाचं पोट मोकळं झालं पाहिजे, वाटीसारखं. मग उरलेल्या चार-पाच जाड फांद्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या उंचीवर. हायब्रिड टीला लोक तीन-चार डोळ्यांवर आणतात, फ्लोरिबंडाला इतकं खाली नेऊ नका, पाच ते सात डोळे राहू द्या. मी एक-दोन फांद्या मुद्दाम जरा उंच ठेवते. त्यांना आधी फुलं येतात, खालच्यांना नंतर, त्यामुळे मधे खंड पडत नाही.

काप कुठे? फांदी हातात घेऊन जवळून बघा. पान गळालेल्या जागी बारीक चंद्रकोरीसारखा व्रण असतो आणि त्याच्या वर तांबूस टिंब, तो डोळा. झाडाच्या बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा निवडा. त्याच्या पाव इंच वर, डोळ्यापासून मागे उतरता तिरका काप. कापल्यावर आतला गाभा पांढरा-हिरवट दिसायला हवा. तपकिरी दिसला तर आणखी खाली जा, पांढरा दिसेपर्यंत. पहिल्या वर्षी माझा हात थरथरत होता. सहा इंच फांदी काढायला मी वीस मिनिटं घेतली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वरून म्हणाल्या, “अगं, ते झाड आहे, पोराचा पहिला जावळ नाही.”

कापलेल्या टोकांना कॉपर ऑक्सिक्लोराइडची पाण्यात कालवलेली पेस्ट टूथब्रशने लावा. काही जण हळद लावतात. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी हळदच लावावी. प्रत्येक झाडानंतर कात्री पुसून घ्या. गळालेली पानं वेचून ओल्या कचऱ्यात टाका, कुंडीत कुजवू नका, काळ्या ठिपक्यांची बुरशी त्यातच बसून राहते.

ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, त्यामुळे छाटलेलं झाड पहिला आठवडा दुपारच्या उन्हापासून जरा आत घ्या. पंधरवड्यात लालसर कोंब दिसतील आणि 45 ते 50 दिवसांनी पहिला बहर, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

## 8. खत

छाटणीनंतर आठवड्याने, कोंब डोकावू लागले की, कुंडीमागे दोन मुठी गांडूळखत, एक मूठ निंबोळी पेंड, एक मूठ हाडांचा चुरा वरच्या मातीत मिसळा. नंतर फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत दर पंधरा दिवसांनी 19:19:19 हे विद्राव्य खत, लिटरला दोन ग्रॅम. माती ओली असतानाच घाला.

शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी सर्वांत गुणी. शंभर ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात चार दिवस भिजवायची, मग दहापट पाणी घालून द्यायची. फक्त गॅलरीत भिजवू नका. त्याचा वास असा असतो की आमच्या मजल्यावर दोघांनी ड्रेनेजवाल्याला फोन केला होता.

केळ्याची सालं आणि चहाचा चोथा कुंडीत थेट टाकणं बंद करा. चिलटं होतात, मुंग्या येतात, गुलाबाला त्यातून फारसं काही मिळत नाही. कंपोस्टमध्ये टाका.

## 9. गुच्छ कसा उमलवायचा आणि कुठे कापायचा

फ्लोरिबंडाच्या गुच्छात मधली कळी सगळ्यांत मोठी असते. ती एकटी आधी उमलते आणि बाकीच्या उमलेपर्यंत गळून मधे भोक पाडते. ती कळी मटारएवढी असतानाच नखाने खुडा. मग बाकीची आठ-दहा फुलं जवळजवळ एकदम उघडतात. पहिल्यांदा जिवावर येतं, पण एकदा फरक बघितला की दर वर्षी कराल.

फुलं सुकली की नुसत्या पाकळ्या झटकू नका. पूर्ण गुच्छाखाली उतरत या, पाच दलांचं पहिलं धडधाकट पान आलं की त्याच्या वर कापा. तिथून नवा फुटवा आणि साधारण सहा आठवड्यांत पुन्हा फुलं. सुकलेला गुच्छ झाडावर राहिला तर झाड बोंडं धरतं आणि फुलायचं थांबतं.

## 10. रोग आणि किडी, ऋतूप्रमाणे

डिसेंबर-जानेवारीत कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर ती भुरी. गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी. उन्हाच्या दिवसांत गंधक मारू नका, पानं भाजतात. कळ्यांवर हिरवा मावा आला तर पाण्याच्या धारेने धुवा, औषध लागत नाही.

फेब्रुवारीपासून फुलकिडे. कळी नीट उघडत नाही, पाकळ्यांच्या कडा तपकिरी. अशी फुलं कापून पिशवीत बंद करून टाका, निळे चिकट सापळे लावा, आठवड्याला कडुनिंबाचं तेल: लिटरला पाच मिली आणि थोडा पातळ साबण.

मार्च ते मे लाल कोळी. पान फिकट, ठिपकेदार, पाठीमागे बारीक जाळं. याला कोरडी गरम हवा आवडते, म्हणून दर दोन दिवसांनी सकाळी पानांच्या पाठीवर पाण्याची धार. पानांवर पाणी नको, असं मी वर म्हटलं त्याला एवढा एक अपवाद.

पिठ्या ढेकूण कुठून येतो ते सांगते: शेजारच्या जास्वंदीवरून. प्रत्येक सोसायटीत गणपतीसाठी जास्वंद असतेच आणि तिच्यावर तो कापूस असतोच. गुलाबाची कुंडी तिच्यापासून लांब ठेवा. दिसला की टूथब्रशने घासून काढा.

पानांच्या कडा नाण्याने कापल्यासारख्या अर्धगोल दिसल्या तर घाबरू नका. ती पानकापी मधमाशी, घरट्यासाठी तुकडे नेते. तिला नेऊ द्या.

## 11. उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये फुलं लहान, फिक्या रंगाची येतात. ते झाडाचं दुखणं नाही, उन्हाचं आहे. दुपारी हिरवी जाळी, मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा वाळक्या पानांचं आच्छादन. खत बंद. मेच्या शेवटी आच्छादन काढून टाका, पावसात त्याखाली बुरशी पोसते.

## 12. पावसाळा: काहीही न करण्याची कला

पहिल्या सरी आल्या की रात्री भुंगेरे येतात आणि सकाळी पानांची चाळण झालेली असते. टॉर्च घेऊन रात्री नऊला वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. आठ-दहा दिवसांचा प्रश्न असतो.

कुंड्यांखालच्या बश्या काढून ठेवा. मुळं कुजतात हे एक, आणि साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो हे दुसरं. पालिकेची माणसं घरोघरी तपासायला येतात तेव्हा आधी कुंडीखालीच बघतात. कुंडी दोन विटांवर ठेवा, भोकं तारेने मोकळी करा. शक्य असेल तर स्लॅबच्या आडोशाला, पण उजेडात.

काळे ठिपके पडणारच. त्यांच्या बुरशीला रुजायला पान साधारण सात तास सलग ओलं लागतं आणि आपल्या जुलैत पानं सात-सात दिवस वाळत नाहीत. ठिपक्यांची पानं खुडत राहा, खाली पडलेली रोज वेचा, उघडीप मिळाली की कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम फवारा. निम्मी पानं गेली तरी फांद्या हिरव्या असतील तर झाड जिवंत आहे. खताने त्याला उभारी द्यायला जाऊ नका, मी नेमकं तेच केलं होतं. छाटणीही नाही, फक्त काळी पडलेली फांदी दिसली तर हिरव्या भागापर्यंत कापा. कळ्या आल्या तर उमलायच्या आधी कुजतात. त्या खुडा.

गणपतीत घरी कुणीतरी विचारेल की इतके गुलाब लावलेत, तर हाराला चार फुलं नाहीत का. नाहीत. हार दादरच्या फूल बाजारातून आणा. अनंत चतुर्दशी झाली की दसरा साधारण पंचवीस दिवसांवर असतो. तेवढ्यात कात्रीला धार लावून घ्या, आमच्याकडचा धारवाला ऐन दसऱ्याच्या आठवड्यात कधीच सापडत नाही.